अधिकातली घंटी

माझे सासरे पोस्टातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या सगळ्या राजधान्या त्यांना पाठ होत्या. एवढ्यावर थांबले असते तर आमचं छान जमलं असतं. पण निफाडला गेलो की मी पहिला घास तोंडात घालायचा अवकाश, ते विचारायचे, "जावईबापू, बोत्स्वानाची राजधानी?" मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत असे. नट-बोल्टचा साइझ विचारला असता तर सांगितला असता. बोत्स्वानाशी आमचा व्यवहार नव्हता. मी घास गिळेपर्यंत ते स्वतःच उत्तर सांगून दुसरा प्रश्न टाकायचे. लग्नापासून हेच चाललं होतं, आणि या बाबांना एकदा, फक्त एकदाच, पण खरोखर हरवायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा माझ्या आयुष्यात उरली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशकात केबलवाल्यांची स्वतःची चॅनलं असायची. आमच्या केबलवर शनिवारी जोडप्यांची प्रश्नमंजुषा लागे. दोन जोड्या, दोन टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर डॉक्टरांकडे असते तसली टिंग वाजणारी घंटी. बायकोने परस्पर आमचं नाव दिलं होतं. "घरात एवढे वाद घालता, तिथे चार उत्तरं द्या," म्हणाली.

तो महिना अधिक होता. म्हणजे माझा भाव वधारलेला. सासू-सासरे आम्हाला कपडे घ्यायला निफाडहून आले होते. दुपारी आमच्याकडे जेवताना बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "भूतानची राजधानी?" मी बासुंदीची वाटी तोंडाला लावली होती. "थिंफू!" ते म्हणाले आणि खूश होऊन स्वतःची वाटी पुढे केली.

संध्याकाळी चित्रीकरणासाठी द्वारका चौकाजवळच्या हॉलवर चौघेही गेलो. सासू-सासरे नुसते बघायला. पण समोरची जोडी आलीच नाही. प्रश्न विचारणारा पोरगेला माणूस घायकुतीला आला. वर कोट आणि टाय, खाली स्लिपर, कारण कॅमेरा टेबलाच्या खाली जात नसे. त्याने बाबांना हेरलं. "काका, तुम्ही दोघं बसता का?"

"हे आमचे जावई आहेत," बाबा म्हणाले.

"मग तर उत्तमच! लोक आवडीने बघतील."

सासूबाई पदर सावरून बसल्या. मी मनात म्हटलं, देव असतो. आता सगळ्या कॉलनीसमोर सोक्षमोक्ष.

पहिलाच प्रश्न, भूतानची राजधानी.

मी बाबांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. आवाज नको म्हणून पंखा बंद होता, तरी ते बघत होते. शेवटी मीच घंटी वाजवली. "थिंफू." टाळ्या.

पुढे धुण्याच्या सोड्याचं रासायनिक नाव आलं. बाबा पुन्हा पंख्याकडे. मी म्हणालो, "सोडियम कार्बोनेट." रविवारी धुणं भिजवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे पावडरीचं पाकीट मी बरेचदा वाचलं होतं. "तुम्हाला कसं माहीत हो?" पोरग्याने विचारलं, आणि बायकोने माझ्या आधी कॅमेऱ्याला खरं कारण सांगून टाकलं.

असंच चाललं. बाबा मध्येच एखादं उत्तर द्यायचे, पण मी पुढे आणि ते बरोब्बर एक पाऊल मागे. मी बायकोला हळूच म्हटलं, "बाबांना बरं वाटत नाही का?"

"अधिक आहे ना," ती म्हणाली. "अधिकात जावयाला हरवतील का ते?"

म्हणजे हे गुण नव्हते, वाण होतं! कॅमेऱ्याची कॅसेट बदलायला थांबले तेव्हा मी बाबांना गाठलं.

"बाबा, तुम्ही खेळत नाही आहात."

"खेळतोय की. वय झालं, जावईबापू. ऐन वेळी आठवत नाही."

"थिंफू आठवत नाही? दुपारी मलाच सांगितलंत."

"तेच ना. तुम्हाला देऊन टाकलं, माझ्याकडे कुठून राहणार?"

मी ठरवलं, आता आपणही घंटीला हात लावायचा नाही. मी हाताची घडी घातली. एका प्रश्नावर पोरगा इतका केविलवाणा झाला की बाबांनी दयेपोटी उत्तर दिलं, आणि बरोबरी झाली. ते कळताच त्यांनीही हाताची घडी घातली.

"काका, दादा, कोणीतरी वाजवा हो," पोरगा घाम पुसत म्हणाला. "जाहिरात देणारे बघणारेत." आणि त्याने शेवटचा प्रश्न काढला, "निफाड तालुक्यातलं पक्षी अभयारण्य कोणतं?"

बाबांनी मला स्वतः दुर्बीण देऊन तिथे हिंडवलं होतं. तिथे मी एका कावळ्याला परदेशी पाहुणा ठरवलं होतं. ते पंख्याकडे बघू लागले. मीही पंख्याकडे बघू लागलो.

टिंग! झुरळ मारावं तसा सासूबाईंनी घंटीवर हात मारला होता.

"नांदूरमध्यमेश्वर!" त्या म्हणाल्या. "दोघांनाही माहीत आहे. लाजताय काय, बोहल्यावर उभे आहात?" मग बाबांकडे वळून, "आणि तुम्ही हो! जावयाचा मान ताटाशी. घंटीशी काय त्याचं?"

त्या केबलवर कापाकापीची पद्धत नव्हती. शनिवारी हे सगळं जसंच्या तसं दिसलं. पुढे कितीतरी दिवस कॉलनीत मला पाहून लोक तोंडाने 'टिंग' करायचे, आणि धुण्याबद्दलही चौकशी करायचे.

बक्षीस भिंतीवरचं घड्याळ होतं. हॉलच्या बाहेर बाबा ते माझ्या हातात द्यायला लागले, तर सासूबाईंनी काढून घेतलं. "वाण वेगळं, बक्षीस वेगळं. हे मी जिंकलंय."

धोंड्याच्या जेवणाला निफाडला गेलो तेव्हा घड्याळ पाटासमोरच्या भिंतीवर लागलं होतं. बाबा नुसते वाढत होते. एकही राजधानी नाही. मला जेवण जाईना. शेवटी अनारसे वाढताना ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "तो सोड्याचा प्रश्न होता ना..."

"हो."

"तो मला खरंच येत नव्हता."

मी हातातला अनारसा तसाच धरून बसलो. "खरंच?"

"अधिकात खोटं बोलेन का?" त्यांना ते सांगणं जड गेलं असावं. लगेच सरळ उभे राहिले. "आता सांगा, मंगोलियाची राजधानी?"

मी आनंदाने अख्खा अनारसा तोंडात कोंबला होता. बाबांनी क्षणभरही वाट पाहिली नाही.

"उलानबातर!" ते घड्याळाखालून ओरडले, आणि पुढच्या देशाकडे वळले.