ओल्या गोणपाटातला तुकडा

मोटरसायकलवरून पडून बाबांच्या नडगीचा पार चुरा झाला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवली आणि हाडातल्या पोकळीत स्पंजासारखा पांढरा तुकडा भरला. झिंग्याच्या टरफलापासून केलेला. तो हळूहळू विरघळेल आणि त्या जागी बाबांचंच हाड भरून येईल, म्हणे. मला तिथेच शंका आली. विरघळून जाणारी वस्तू घातली होती की नाही, हे उद्या कोण सांगणार?

आमच्या पातूरकडे पेरणी झाली तरी बियाण्याची पिशवी आणि मूठभर दाणे जपून ठेवतात. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? मीही रिकामं पाकीट आणि कापून उरलेला तुकडा मागून घेतला. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. बघू देत.

घरी बाबांनी त्याच्यापुढची मजल मारली. उगवण तपासतात तसा तो तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून खाटेखाली ठेवला. सहाव्या दिवशी उघडला, तर जसाच्या तसा.

“बोगस हाये,” ते म्हणाले.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाय टेकवायला सांगितलं. बाबा ऐकेनात. पाय वाळत चालला, आता हे कायमचे खाटेवरच राहतात की काय, या धास्तीने मला झोप लागेना. शेवटी बाबांना आणि त्या गोणपाटाला गाडीत घालून मी अमरावती गाठली. भांडायच्या तयारीनेच.

डॉक्टर हसले नाहीत. नव्या एक्स-रेत काळ्या पोकळीच्या कडेने पांढुरकी झाक आली होती. “हे नुसत्या पाण्यात विरघळत नाही, काका. जिवंत शरीरच ते पचवतं. तुमचं हाड धरतंय.”

तरीही मी एक्स-रेवरचं नाव दोनदा वाचून घेतलं.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, “मले बियाण्याचं भेव नव्हतं, बाई.”

“मग बोगस काहून म्हणत होते?”

“भेव जमिनीचं होतं. सत्तरीचं हाड. याच्यात आता काय उगवते?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने मी डॉक्टरांवर पाळत ठेवली, बाबांच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

दारात गाडी थांबली. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, वॉकर धरला आणि तोच मोडलेला पाय आधी खाली टेकवला.