साठी उलटल्यावरची इर्जिक

मी पदवीधर नाही, हे आधीच सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. पुढचं जे काही शिकले ते दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना हाताला लागेल ते वाचून. तरी आमच्या लोणावळ्याच्या कॉलेजमधल्या वर्गाचा मोबाइलवर ग्रुप निघाला तेव्हा त्यात मलाही घेतलं, याचं मला अजून अप्रूप आहे. बातम्या एकाच वळणाच्या असतात. कोण निवृत्त झालं, कुणाला नातू झाला, कुणाचा गुडघा बदलला.

आमची आंदर मावळातली मैत्रीण मात्र कधी काही लिहायची नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. एसटी चुकली की लशींचा डबा खांद्याला लावून डोंगरातून चालत वाड्या गाठायची. निवृत्त झाली आणि शेतीला लागली. गेल्या आषाढात तिचा पहिला मेसेज आला. मालकांचा पाय मोडलाय, भातलावणीला माणूस मिळत नाही, रोपं पिवळी पडायला लागलीत.

मी लगेच फोन लावला.

"पोरगा म्हणतोय, एक वरीस पडीक राहू दे," ती म्हणाली. "पण सासूबाईंचं बी हाय गं. जुना आंबेमोहर, दुसऱ्या कुणाकडं न्हाई आता. होतं तेवढं सगळं पेरलंय. औंदा लावलं न्हाई तर बी संपलं."

मग मीच ग्रुपवर लिहिलं, इर्जिक करू. म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि त्यानं पोटभर जेवू घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. वाटलं, नुसते अंगठे येतील. पण रविवारी सकाळी तिच्या दारात आम्ही अकरा जण उतरलो. सगळी साठी उलटलेली, दोघांच्या कमरेला पट्टे.

"तुमी आपलं जेवून जा," ती म्हणाली. "चिखलात नका उतरू."

"मी शेतकऱ्याचा पोरगा आहे," म्हणत रेल्वेतून निवृत्त झालेला आमचा इंजिनीअर पँट दुमडून खाचरात उतरलासुद्धा. त्याच्यामागं आम्ही सगळे; ती स्वयंपाकाला आत गेली. तो लावील तसं लावायचं. तो म्हणाला, दाट लावलं की पीकही दाट येतं, आम्ही माना डोलावल्या. बारा वाजले तेव्हा निम्मं खाचर मोकळं होतं आणि रोपं संपली होती.

खाचर घराला लागूनच आहे. ओट्यावर प्लास्टरचा पाय लांब करून तिचे मालक नुकतेच येऊन बसले होते.

"साहेब," ते म्हणाले, "एका जागी दोन-तीन काड्या लावत्यात. तुमी पेंढीच पुरली."

बोलावणं माझं होतं, म्हणून मीच तिला हाक मारली. ती चुलीपासून उठून आली, पण रागावली नाही. खाचरात वाकली, एक जुडगा उपटला, तळहातावर सोडवला आणि चार जागी लावला.

"जेवण मागनं," एवढंच म्हणाली.

मग जे चिखलातून बाहेर आले होते ते परत आत गेले. उपटायचं, विरळ करायचं, पुढं लावायचं. ती एका टोकानं निघाली ती कंबर सरळ न करता दुसऱ्या टोकाला पोचली. वय आमच्याएवढंच की. इंजिनीअर मान खाली घालून सगळ्यांत जास्त उपटत होता.

"काय साहेब, टाकलेला रूळ उखडताय व्हय?" मालकांनी ओट्यावरून विचारलं.

"चुकीच्या मापाचा पडला, भाऊ," तो म्हणाला.

चार वाजता खाचर भरलं, तेव्हा कुठं आम्ही जेवायला बसलो. पण दोनदा उपटलेली रोपं जगतील का, हे तिलाही सांगता येईना. आठवडाभर ग्रुपवर नातवंडांचे फोटो येत होते आणि मी ते न बघताच वर सरकवत होते.

आठव्या दिवशी तिनं लिहिलं, "थोडी मेली. बाकीच्यांनी मुळं धरली." आणि खाली, "दिवाळीनंतर ज्याची जमीन हाय त्यानं मूठभर बी घेऊन जावं. एकाच घरात ठिवायची चूक आता करायची न्हाई."

पहिलं उत्तर इंजिनीअरचं आलं. वडिलांचं खाचर वीस वर्षं पडीक आहे, म्हणाला, तिथं लावतो. फक्त लावताना तू ये.