आमेन म्हणायच्या आधी

आम्ही पिंपळगाव राजा सोडलं त्या सकाळी मार्था छकड्यात बसली होती आणि मी छकड्यामागून पायी चाललो होतो. आत जागा नव्हती असं नाही. पण लग्नाला महिनाही न झालेले नवरा-बायको गावादेखत खेटून बसले तर लोक काय म्हणतील! वेस मागे पडली, नाला मागे पडला, गाव दिसेनासं झालं, तरी मी आपला पायीच. शेवटी गाडीवान म्हणाला, "बसा न बाप्पा आता, इथं कोन पाहून राह्यलं?" मी म्हटलं, "राहू दे, पाय मोकळे होतात." खामगाव येईपर्यंत पाय असे मोकळे झाले की दोन दिवस मला धड उभं राहवेना.

दानिएल, तू धाकटा, तू वेशीपर्यंत आला होतास. तुला आठवत असेल, बाबा म्हणाले होते, "सकाळची प्रार्थना चुकवू नको." आणि माय म्हणाली होती, "पोरीले परकं वाटू देऊ नको." बाबांचं मी त्याच दिवसापासून ऐकलं. मायचं ऐकायला मला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं कशी गेली ते आज लिहितो. तू गावात राहिलास, तुझ्यासाठी लिहितो, आणि आपल्यातले जे जे पोटासाठी गाव सोडून गेले त्यांच्यासाठीही.

खामगावात मी कापसाच्या जिनात फिटर होतो. दिवाळीनंतर मोसम सुरू झाला की रात्रपाळी माझ्या वाट्याला. सकाळी सहाचा भोंगा झाला की भुवयांपर्यंत कापूस माखून मी घरी यायचो. मार्था मुलींच्या शाळेत शिकवायची, तिची घंटा साडेसातला. म्हणजे भोंगा आणि घंटा यांच्यामध्ये जो काय वेळ मिळे तेवढाच आमचा संसार. बाकी मी घरात असलो की ती शाळेत, ती घरात आली की मी निघालेला. रविवारी देवळात ती बायकांच्या बाजूला, मी पुरुषांच्या.

आणि त्या तेवढ्या वेळाचं मी काय करत होतो? उपासना! आंघोळ झाली की गीत, गीत झालं की अध्याय, अध्यायावर माझं स्पष्टीकरण, आणि मग प्रार्थना. पाद्रीसाहेबांनी लग्नात सांगितलं होतं की नवरा घराचं मस्तक आहे. मस्तकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढाच अर्थ मी घेतला होता. आखाड्यात पैलवान उतरावा तसा मी उपासनेच्या चटईवर उतरायचो.

खरं सांगायचं तर बायकोशी बोलायचं कसं हेच मला ठाऊक नव्हतं. आपल्या घरी कोणी बोलताना पाहिलं होतं? बाबांना भाकर हवी असली की ते गोठ्यातल्या बैलाला म्हणायचे, "काऊन रे, भूक लागली का तुले?" आणि माय ताट वाढायची. बाबांचं बोलणं बैलामार्फत जायचं, माझं देवामार्फत जाऊ लागलं. भाकर कडक झाली तर मी तिला काही म्हणायचो नाही. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून म्हणायचो, "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या दासीला स्वयंपाकात सावधपणा दे." माझी प्रार्थना ग्रंथातल्या भाषेत. मग तिची पाळी. ती साध्या वऱ्हाडीत म्हणायची, "देवबाप्पा, ह्यायचे दात मजबूत कर." शेवटी मी मोठ्यांदा आमेन म्हणायचो. हसू यायचं, पण उपासनेत हसायचं कसं? कित्येक भांडणं आम्ही अशी डोळे मिटून केली.

तिसऱ्या वर्षी ऐन मोसमात मोताळ्याला मार्थाची आई वारली. मला रजा मिळाली नाही, ती एकटीच गेली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा मी काय करावं? सांत्वनाचे म्हणून लागोपाठ दोन अध्याय वाचले. वाचून झाल्यावर मला वाटलं, आपण नवऱ्याचं कर्तव्य चांगलं पार पाडलं. ती उठली, भांडी घासली आणि शाळेत गेली. त्यानंतर तिची प्रार्थना रोज आखूड होत गेली. मी मनात म्हटलं, पोरीला शांती लाभली! माझ्याएवढा गाढव त्या वर्षी अख्ख्या खामगावात नसेल.

मग एका सकाळी तिची पाळी आली. आणि ती बोलली. शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे.

"देवबाप्पा, नागपूरहून पत्र आलं हाय. दोन वर्षं मास्तरणीचं शिक्षण, बोर्डिंगात राहाचं. मी अजून हाव म्हनलं नाही. पन जावंसं वाटून राह्यलं मले. माह्याशी बोलणारं इथं कोनी नाही. माय गेली, तं मले कोनी पुसलंही नाही का तू रडली का म्हनून. तुह्या दासाले, शांतवनले, तुह्याशी बोलता येते, माह्याशी येत नाही. एखांद्या वक्ती तुह्याशी बोलून झालं, तं माह्याशीही बोलाले सांग त्याले."

आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, तुला माहीत आहे. तीन वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही देवाकडे तक्रार करताना. आता आमेन म्हणायचं काम माझं. म्हटलं असतं तर प्रार्थना संपली असती, ती उठून शाळेत गेली असती, आणि पुढच्या महिन्यात नागपूरला. ती परत आली नसती, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. मी आमेन म्हटलंच नाही. डोळे उघडले. तिचे आधीच उघडे होते.

मला एकच प्रश्न सुचला. "मायनं शेवटी काय म्हनलं तुले?"

ती रडायलाच लागली. मग बोलायला लागली. आईला शेवटी गूळ खावासा वाटला होता, आणि घरातल्यांनी वैद्याच्या भीतीने दिला नाही. ते सांगताना ती माझ्यावरच चिडली, मीच गूळ नाकारला असं समजून. मी ऐकत राहिलो. मध्ये बोलायची उबळ दोनदा आली, दोनदा गिळली. शाळेची घंटा झाली तरी ती उठली नाही. उशीर होऊ द्यायची तिची ती पहिलीच वेळ.

पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "मंग, मी जाऊ का?"

"जाय. मी संगं आलो तं चालन का?"

"येडे झाले का? बोर्डिंगात गड्यायले येऊ देत नाहीत."

"बाहेर तं बसू देतीन?"

ती हसली. दानिएल, लग्नानंतर ते हसू मला तीन वर्षांनी मिळालं.

जिनातली नोकरी सोडून मी बायकोमागे नागपूरला गेलो, तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते तूच मला कळवलं होतंस. बाबा म्हणाले होते, "गाडी पुढं अन् बैल मागं, असं मी तं कधी पाह्यलं नाही बाप्पा." म्हणू देत. मला गिरणीत काम मिळालं. बोर्डिंगच्या फाटकाबाहेर दगडी बाक होतं, त्यावर रविवारी दुपारी आम्हाला तासभर बसायची मुभा होती. व्हरांड्यात मेट्रनबाई विणत बसायच्या, एक डोळा सुईवर आणि एक आमच्यावर. सांगायची गोष्ट विसरू नये म्हणून मी आठवडाभर उपरण्याला गाठी मारून ठेवायचो. ती एकेक गाठ सोडत विचारायची, "हे कायची?" एखादी गाठ कशाची तेच मला आठवायचं नाही, मग आम्ही दोघं असे हसायचो की मेट्रनबाई खाकरायच्या. खामगावात रोजचा तास असून आम्ही तो मातीमोल केला होता. नागपुरात आठवड्याला एकच तास, आणि आमचं खरं लग्न लागलं ते त्या तासांमध्ये.

तिला बुलढाण्याला शाळा मिळाली तेव्हा आम्ही इथे घाटावर आलो, ते आजतागायत. मी शिवणयंत्रं आणि घड्याळं दुरुस्त करतो. उपासना अजून रोज होते, पण थोडक्यात. आधी आम्ही एकमेकांशी बोलून घेतो, भांडण असलं तर तेही उघड्या डोळ्यांनी उरकतो, आणि मग देवाकडे जातो. त्याने मला त्या सकाळी आमेन म्हणू दिलं नाही, याबद्दल त्याचे आभार मानायला मी एक दिवस चुकलेलो नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. जिनातल्या सरकी काढायच्या रेच्यांच्या खडखडाटाने माझे कान गेले. उजवा कान पूर्ण बंद, डावाही आता उतरणीला लागलाय. कान धडधाकट होते तेव्हा मी बोलत सुटलो होतो, आणि ऐकायची गोडी लागली तेव्हा कान निघाले! मार्था म्हणते, "बरं झालं, माह्ये अर्धे टोमणे वाचले." आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा इतक्या जोरात म्हणते की शेजारच्या खालाजान भिंतीपलीकडून हसतात.

तू पत्रात विचारलंस, "दादा, आता घरी कधी येता? शेवटी घर ते घर." येऊ रे, नाताळला येऊ, दोघंही येऊ. मायच्या हातच्या त्या चुलीजवळ बसूही. पण जागा मी सांगेन तशी ठेव. मार्थाला डावीकडे बसव आणि मला तिच्या उजव्या हाताला. माझा डावा कान तिच्याकडे राहिला पाहिजे, म्हणजे मी घरी आहे.