सवाशिणीचा हात

पहिल्या महालक्ष्मीले साडी नेसवून झाली होती. दुसरीचा पदर खांद्यावर घेऊन मी टाचणी लावून राहिली होती. तेवढ्यात मालकाची आई दारात आली. काठी टेकत. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग गळ्याकडे पाहिलं. गळ्यात काही नव्हतं.

"हिला कोणी बोलावलं?"

मालकीणबाई म्हणे, "आई, दरवर्षी हीच नेसवते ना."

"दरवर्षीचं वेगळं. हिचा नवरा गेला ना यंदा? सोडा त्या साड्या. दोन्ही सोडा. सवाशिणीचा हात लागला पाहिजे."

मी इतवारीतल्या साडीच्या दुकानात कामाले आहे. काचेतल्या पुतळ्यायले साड्या नेसवणं माझं काम. बापाच्या घरी हातमाग होता, कापड कसं पडते ते मी लहानपणापासून पाहिलं. म्हणून मालकाच्या धरमपेठेतल्या घरी महालक्ष्म्या बसल्या की फोन मलेच यायचा. त्या वर्षीही आला. मालकीणबाईच्या ध्यानातच राहिलं नाही, की सहा महिन्यांखाली हिचा नवरा मेला. मले वाटलं, त्यायले चालते. मी खुशीत गेली.

त्यायनं माझ्यासमोर निऱ्या सोडल्या. साड्या जमिनीवर पडल्या. त्यावर गोमूत्र शिंपडलं. मग मालकाच्या वहिनीनं नेसवाले घेतल्या. तिले निऱ्या येत नव्हत्या. तिले नवरा होता. एक निरी वर, एक खाली, पदर पोटावर लोंबला. टाचण्यायचा डबा माझ्या हातात होता. ती हात पुढं करे, मी टाचणी देऊ.

"आता तू तिकडं बस, जेवून जा," मालकीणबाई म्हणे. तिले वाईट वाटलं होतं. पण तिनं सासूले काही म्हटलं नाही.

मी बसली. जेवली. आंबील पेली. आजही त्याचाच राग येते. त्या म्हातारीचा येते तेवढाच माझ्या पोटाचा येते.

आता माझ्या जळण्याबद्दल सांगते. लोक म्हणतात, दुःखात माणूस देवाकडे जाते. मी जळत जळत गेली.

दुकानात माझ्यासंग रुकसाना होती. फॉल-पिकोचं काम करे. तिचाही नवरा मेलेला, माझ्या नवऱ्याच्या थोडा आधी. इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागं पाळायचे, चार महिने दहा दिवस घरात बसली, संपले तशी कामावर आली. हातात काचेच्या बांगड्या घालून आली. बहिणीच्या पोरीचं लग्न होतं, तर नवरीच्या हाताले मेंदी हिनं काढली. कोणी म्हटलं नाही, बाई तू दूर हो. एक दिवस म्हणे, "मामू बोलते, दूसरी शादी कर ले. देखती मैं." असं बोलली, जसं भाजी काय करू म्हणून राहिली.

माझ्या आंगाची लाही झाली. हिचा नवरा मेला, माझाही मेला. मग हिच्या हातात बांगड्या काहून? हिले काहून कोणी काही म्हणत नाही? मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिले समजलंच नाही की झालं काय.

दुपारी ती गोडाऊनमध्ये जाऊन नमाज पढे. साड्यायच्या खोक्यायच्या मधात थोडी जागा होती. चादर टाकली की झालं. मी दारातून पाहत राहू. ती कपाळ जमिनीवर टेके, आणि तसीच राहे. माझं कपाळ म्हणजे साऱ्या गल्लीचा विषय होता. टिकली लावली का, कोणती लावली, काळी की लाल. हिचं कपाळ हिचं होतं. मी इतकी जळली की सांगता येत नाही.

एक दिवस विचारलं, "कोणाले विचारा लागते का गं?"

"किसको पूछना? जगह साफ होना, बस."

त्याच्या आधी मी कमी फिरली नाही. शेजारणीसंग सत्संगाले गेली. तिथं महाराजाची पाद्यपूजा जोडप्यानं करायची होती, मी चपला सांभाळल्या. दीक्षाभूमीवर गेली. तिथं कोणी काही विचारलं नाही, शांत वाटलं, मले तिथून उठूच वाटलं नाही. पण मले शांती नको होती. मले भांडाले कोणीतरी पायजे होतं. माझा नवरा काहून नेला, हे समोर उभं राहून विचाराले कोणीतरी पायजे होतं.

रुकसानाले म्हटलं, मले शिकव. ती घाबरली. "पागल है क्या? तेरा भाई मेरे कू जिंदा नहीं छोड़ेगा." मी ऐकलं नाही. मराठीतलं कुराण आणलं. वर्षभर वाचलं, तिले प्रश्न विचारून विचारून पागल केलं. मग एका दुपारी त्याच खोक्यायच्या मधात मी कपाळ टेकलं. जे विचारायचं होतं ते विचारलं. उत्तर काही आलं नाही. पण उठ म्हणाले कोणी आलं नाही. खूप वेळ तसीच होती मी.

मोमीनपुऱ्यात रुकसानाच्या मावशीच्या खोलीत मी कलमा पढला, मुसलमान झाली. मग घरी गेली आणि भावाले सांगितलं. नवरा गेल्यापासून मी भावाकडेच राहत होती.

त्याचा पहिला प्रश्न, "कोण आहे तो?"

"कोणी नाही."

"मग कोणासाठी केलं?"

"माझ्यासाठी, दादा."

त्याले पटलंच नाही. बाईले स्वतःसाठी काही लागू शकते, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. तो माझा मोबाईल घेऊन त्या माणसाचं नाव शोधत बसला. माय भिंतीकडे तोंड करून होती. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरून निघाली.

आता मोमीनपुऱ्यात खोली आहे. इथं सारं गोड आहे असं कोणी समजू नये. बायायच्या एका धर्माच्या जलशात मले पुढं बसवलं. एक आपा म्हणे, "बताओ बहन, वहाँ तुम पे कितना जुल्म हुआ." साऱ्या बाया कान टवकारून बसल्या. मी म्हटलं, "ते माझ्या मायचं घर आहे. त्याचा तमाशा मी करत नाही." आपाचं तोंड पडलं. रुकसानाची आठ वर्षाची पोरगी कुराणातल्या सुरा घडाघडा म्हणते, मी अडखळते, तर तिच्यावरही जळते मी. तिले जन्मतःच भेटलं ना सारं.

मागच्या महिन्यात भाऊ दुकानात आला. त्याच्या पोरीचं लग्न निघालं. मी खांद्यावर खेळवलेली पोरगी. तो काउंटरपाशी उभा राहून हळूच म्हणे, "ये लग्नाले. पण टिकली लावून ये. आणि हळदीच्या वेळी आतल्या खोलीत मायजवळ बस. लोकायले सांगू, गावाले राहत होती."

"दादा, ये म्हणशील तर येईन. ओढणी घेऊन येईन. समोर बसीन. पोरीले हळद लावीन."

"मग येऊच नको."

"बरं," मी म्हटलं.

हळदीच्या दिवशी मी कामावरच होती. तिले हळद लावणाऱ्या एकेका बाईवर मी जळून राहिली होती, नाव घेऊन घेऊन. संध्याकाळी घरी येताना गल्लीतल्या मशिदीतून माणसं निघून राहिली होती. माझी पावलं थांबली. दारातल्या म्हाताऱ्याले विचारलं, बायायसाठी जागा कुठं आहे?

"घर में पढ़ो बेटी. उसी में सवाब है."

घरीच पुण्य आहे, म्हणे. तो चांगला माणूस आहे, रागावला नाही. पण बस तिकडं, जेवून जा, हेही कोणी रागावून म्हटलं नव्हतं मले. मले त्या निघणाऱ्या एकेका माणसाचा हेवा वाटला. आणि समजलं, की मीच चुकली. विचाराले नको होतं.

या जुम्म्याले, शुक्रवारच्या नमाजाले, मी मशिदीत जाणार आहे. रुकसाना म्हणते, लोक बोलतील. बोलू दे. जागा नसली तर पायरीवर चादर टाकीन. कोणी उठ म्हटलं तर नमाज पुरी करूनच उठीन, आणि पुढच्या जुम्म्याले परत येईन.