दादूसची स्टेपनी

दादूसला एक खोड होती. काहीही घट्ट केलं की ते दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचं आणि मगच म्हणायचं, ‘घट हाय.’ गॅसचा सिलिंडर असो नाहीतर शेडचं दार. एकदा माझ्या वाशीच्या घरी जेवायला आला, तर आधी जाऊन बाल्कनीचं ग्रिल हलवून आला. माझी बायको म्हणाली, ‘भाऊजी, आता भिंत तेवढी राहिली.’ हा बाबा खरंच भिंतीकडे वळला.

पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे गाळे शेजारी-शेजारी. माझं लेथचं काम, त्याचं वेल्डिंगचं. मी साताऱ्याकडून पोट भरायला आलेला, तो मूळचा पावण्याचाच. ‘तुजी लेथ उभी हाय ना, तिथं आमचं भात व्हायचं,’ असं तो अधूनमधून ऐकवायचा, पण कडवटपणा नसायचा त्यात. आईबाप लवकर गेले, धाकट्या हरेशला यानंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, हरेशचं मात्र वाजतगाजत केलं. हरेशची बायको वनिता बोलकी. दिवसभर घरात ‘दादा, चहा घ्या’, ‘दादा, ऐकलं का’ चालू. दादूस वैतागल्यासारखं करायचा आणि मनातून खूश असायचा. मला काय कळत नव्हतं होय?

मग त्यानं ती गाडी आणली. भंगारात निघालेली, दोन सीटांची, बिनटपाची छोटी विलायती स्पोर्ट्स कार. पत्रा गंजलेला, इंजिन आखडलेलं. मी म्हटलं, अरे, वेड लागलंय का तुला? पण वर्षभर खपून त्यानं ती पळती केली. डिकी सगळी पेट्रोलच्या टाकीनंच भरलेली, त्यामुळे स्टेपनीला जागाच नव्हती. तेव्हा त्यानं डिकीच्या झाकणावर बाहेरून एक ब्रॅकेट वेल्ड केलं, मधोमध जाड बोल्ट काढला, त्यावर चाक बसवून वरून मोठा नट. तो नट आवळायचा मान फक्त त्याचा. हरेशनं एकदा हातानंच फिरवून ठेवला, तर सगळ्या कारागिरांसमोर त्याला झापलं. ‘बोटांचा भरवसा नाय. पाना लागला म्हंजे लागला.’

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कुणी लावतही नाही. मीही नाही लावत.

त्या दसऱ्याला सकाळी गाडी धुवायला म्हणून त्यानं चाक उतरवलं. नट हातानंच फिरवून निघाला, कारण पाने पूजेत मांडायच्या आधीच, आदल्या दिवशी, त्यानं नट सैल करून ठेवला होता. गाडीला झेंडूचा हार घातला. चाक परत बसवलं आणि तिथं अडलं. पाना पूजेत.

हरेश म्हणाला, ‘दादा, एक उचल ना. देवी काय रागवनार हाय?’

‘पूजेतला नाय उचलाचा. देवळापरेंतच तर जायाचं हाय.’

नट त्यानं हातानं आवळला, जोर लावून आवळला. मग चाक दोन्ही हातांनी हलवलं. हललं नाही. ‘घट हाय,’ म्हणाला.

हट्टानं वनिताला त्यानं शेजारच्या सीटवर बसवलं. हरेश मागून स्कूटरवर. ठाणे-बेलापूर रस्त्याला तेव्हा खड्ड्यांची रांग होती. कुठल्यातरी खड्ड्यात नट सुटला, चाक रस्त्यावर पडून घरंगळत थेट स्कूटरखाली गेलं. हरेश पडला आणि मागून टँकर येत होता. मी पोचलो तेव्हा दादूस रस्त्यात बसला होता आणि वनिता उभी होती. गाडीवरचा हार अजून ताजा होता.

हरेश गेल्यावर वनिता दादूसशी बोलली नाही. माहेरी गेली नाही, घर सोडलं नाही. वेळेवर ताट वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही. त्या मुक्या ताटापुढे तो कसा जेवत असेल, देव जाणे. ‘शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं रे,’ मला म्हणायचा. ‘मना एकदा दादा म्हनाली ना, की बास.’ एकदा मी वनिताशी बोलून बघितलं. ती म्हणाली, ‘मला राग नाय त्यांचा. तोंड उघडलं की चाकाचा आवाज येतो.’ हे मी त्याला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू?

गाडी गाळ्यामागं ताडपत्रीखाली सडली. दादूसनं पुन्हा पाना हातात धरला नाही, आणि काही हलवूनही बघितलं नाही. कारागीर काम दाखवायला आले की मान फिरवायचा. त्यात कावीळ झाली. औषध आणलं तर घ्यायचा, नाही आणलं तर विचारायचा नाही. माणूस डोळ्यांदेखत संपत गेला.

तो गेला त्या सकाळी अंगणात आम्ही तिरडी बांधत होतो. सुतळीच्या गाठी मारून झाल्या, उचलायला आम्ही वाकलो, तेवढ्यात बायकांतून वनिता पुढे आली. थोरल्या दिराच्या अंगाला भावजय हात लावत नाही, तरी कुणी तिला अडवलं नाही. तिनं तिरडीचे बांबू दोन्ही हातांनी धरले आणि जोर लावून हलवले. एक गाठ सरकली. तिनं ती सोडली, दातानं सुतळी ओढून पुन्हा आवळली, परत हलवून बघितलं.

‘घट हाय, दादा,’ ती म्हणाली.

मग आम्ही त्याला उचललं.