सगळ्यांचं झाल्यावर आत्यांचं

माझ्या सासूबाईंनी हॉस्पिटलच्या बेडवरून एका ट्रक ड्रायव्हरला स्वतःचं दुखण्यावरचं औषध देऊ केलं होतं.

खोटं नाही सांगत. मी समोर होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. मी त्यांना आत्या म्हणायचे. उमरग्याच्या अलीकडं हायवेवर आमचा ढाबा आहे, तिथली आमटी-भाकरी त्यांच्या हातची. शेवटचा ड्रायव्हर हात धुऊन उठला की मगच त्या ताट घेणार.

"सगळ्यांचं झालं का?" हे विचारल्याशिवाय बाईनं कधी घास घेतला नाही.

चार वर्षांपूर्वी सोलापुरात त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं त्यांच्या हातात वायर जोडलेलं एक बटण दिलं.

"आजी, दुखलं की हे दाबायचं. औषध थेट शिरेत जाईल. जास्त जाणार नाही, मशीनच थांबवतं. पण दाबायचं फक्त तुम्ही. नातेवाइकांनी हात लावायचा नाही."

आत्या खूश! "म्हंजी माझं दुखणं माझ्या हातात? लई ब्येस."

मग भेटायला माणसं सुरू झाली. मुरुमची, नळदुर्गची, ढाब्यावरची. आत्या सगळ्यांशी हसून बोलत होत्या. मला वाटलं, वा, काय मशीन आहे!

दुपारी डॉक्टर आले. "जरा खोकून दाखवा."

आत्यांना खोकता येईना. श्वाससुद्धा वरवरचा.

डॉक्टरांनी मशीन तपासलं. "सकाळपासून एकदाही बटण दाबलेलं नाही. दुखतंय म्हणून या श्वास पूर्ण घेत नाहीत. छातीत कफ साठला तर अवघड होईल."

आमचे हे "मी दाबतो" म्हणत पुढं झाले, तर सिस्टरनं असं झापलं की बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

"आत्या, दुखत नाही का?"

"दुखतंय की. जीव चाललाय."

"मग दाबलं का नाही?"

त्यांनी हळूच पाहुण्यांकडं बघितलं. "एवढी माणसं बसल्यात. कुणाच्या तोंडात घोटभर पाणी न्हाय, अन् म्या एकटीनंच घिऊ व्हय?"

आणि चहाचा कप पुढं करावा तसं ते बटण रशीदभाईंसमोर धरलं. रशीदभाई म्हणजे ढाब्यावरचे जुने ड्रायव्हर, कंबरेला कायम पट्टा.

"तू घे आधी. तुझी कंबर धरलीया, लांबनं आलायस."

"अम्मा, ये तुमारा है! मेरेकू चाय बस है."

मला रागही आला आणि हसूही. पण त्या चहावरनंच डोकं चाललं. धावत कॅन्टीनला गेले, सगळ्यांना चहा आणला आणि दम दिला, पटापट प्या. रशीदभाईंनी जीभ भाजून घेतली.

आत्यांनी एकेक कप रिकामा होताना बघितला.

"सगळ्यांचं झालं का?"

"झालं!" अख्खा वॉर्ड ओरडला.

मग दाबलं त्यांनी बटण. स्वतः.

थोड्या वेळानं कपाळावरच्या आठ्या गेल्या. संध्याकाळी पोटाशी उशी धरून अशा खणखणीत खोकल्या की सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून चालल्या. तोवर माझी ड्युटी एकच: कुणी आलं की आधी चहा.

पुढची तीन वर्षं ढाब्यावर त्यांचाच आवाज होता. ती तीन वर्षं आम्हाला मिळाली, याचा आनंद आज रडण्यापेक्षा मोठा आहे.

आज वर्षाचं जेवण ढाब्यावरच ठेवलं. रीत अशी की आधी नैवेद्य, मग पंगत.

मी उलटं केलं.

आधी सगळे जेवले. ड्रायव्हर, क्लीनर, शेजारी, पाहुणे. रशीदभाई सगळ्यात शेवटी उठले. चारचौघी कुजबुजल्या. कुजबुजू देत.

मग आत्यांच्या फोटोसमोर गरम भाकरी-आमटीचं ताट ठेवलं.

आत्या, सगळ्यांचं झालं.

आता तुम्ही घ्या.