माळकरी घरातला हॅम

दादाचं शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेतलं. म्हणाले, आता घरी न्या, मागेल ते खाऊ घाला. दादाला आम्ही सांगितलं, की उपचार संपले, अंगात ताकद आली की तू कामावर. त्याला काही कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथच आईने मला घातली.

दादा हिंजवडीतल्या एका हॉटेलात आचारी होता. नाताळातला हॅम तोच भाजायचा. हॅम म्हणजे मीठ मुरवलेली डुकराची मांडी. वरून फळांचा गोड पाक चोपडायचा आणि लाल होईस्तोवर भाजायची. गावी, नेऱ्याला, आमच्या घरात याचं नावही निघत नसे. आई माळकरी. कोंबडीसुद्धा परसातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजायची आणि तेवढा वेळ आई देवळात जाऊन बसायची.

घशाच्या कॅन्सरने दादाच्या तोंडाची चव पार गेली होती. तरी एके सकाळी म्हणाला, "हॅम करायचाय. मला खायाचा न्हाई. नुसता करायचाय." हॉटेलातल्या जोडीदाराकडून त्याने मांडी मागवलीही. "पेज गिळवत नाही आणि थेरं बघा," म्हणत मी परसात चूल पेटवली. रागावलं की मला रडू येत नाही, म्हणून त्या दिवसांत मी सारखी रागावलेली असे.

चुलीशेजारी खाटेवर पडून तो खरखरत्या आवाजात हुकूम सोडत होता. शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाड. प्रत्येक चिरेत लवंग खोच. अननस नव्हता, तर करवंदं गुळात आटवायला लावली. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून मी मांडी भाजली, मधूनमधून पाक लावला. वास इतका सुंदर सुटला, की मला स्वतःचीच लाज वाटली.

कापल्यावर त्याने फोड हातात घेऊन उन्हात धरली. कड पिवळी होती.

"हळद लावलीस?"

आमच्याकडे कुठलंही मटण आलं की आधी हळद-मीठ. त्याचा डोळा लागला तेव्हा माझ्या हातांनी ते आपोआप केलं होतं.

"म्हंजी मीठबी लावलंस. आदीच खारवल्यालं असतंय ते."

मी फोड तोंडात टाकली. मिठाने जीभ आखडली. "लई भारी झालाय, दादा."

"तुजं तोंड सांगतंय की," म्हणून त्याने मान फिरवली. त्याला स्वतःला चव कळत नव्हती आणि त्याच्या हातचा शेवटचा पदार्थ मी नासवला होता.

आई त्या दिवशी देवळात गेली नव्हती. परसाच्या उंबऱ्यात बसून होती. ती उठली, खाटेवर टेकली, ताटलीतली फोड उचलून तोंडात घातली आणि चावू लागली.

"ग्वाड झालंय रं, बाळा. तुज्या हातची चव हाय."

दादा तिच्या गळ्यातल्या माळेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आये, डाक्टरनं हात टेकलं व्हय?"

मी चुलीकडे तोंड केलं. आई तो घास चावतच राहिली.